ज्योतीवर गार होणारा फ्रिज विजेवर का रुसतो?

आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, पहिल्यांदा मुक्काम करणारा माणूस त्यातल्या फ्रिजपाशी हमखास अडखळतो. बटणांच्या पट्टीवर तीन चित्रं असतात : प्लग, बॅटरी आणि ज्योत. तिसरं चित्र निवडलं की ठिणगीची टिकटिक ऐकू येते. गाडीच्या बाहेरच्या अंगाची जाळी काढून आत डोकावलं, तर खाली खरोखरीच निळी ज्योत पेटलेली दिसते. खाली आग, वर बर्फ. हे पचतं न पचतं तोच एखाद्या प्रवासात दुसरं कोडं उभं राहतं : गॅसवर बर्फ पाडणारा हाच फ्रिज विजेला जोडला की सकाळपर्यंत आतलं सगळं कोमट करून ठेवतो.

अशा वेळी पहिलं निदान ठरलेलं असतं : ‘हीटर गेला.’ कधीकधी ते खरंही असतं. पण नवा हीटर मागवून, अर्धा दिवस खपून तो बसवल्यावरही फ्रिज ढिम्म राहिला, असंही बऱ्याचदा होतं. दोष हीटरचा की हीटरपर्यंत वीज नेणाऱ्या वाटेचा, हे पाना हातात घेण्याआधी ठरवता येतं. त्यासाठी एक मल्टिमीटर लागतं आणि भरपूर धीर लागतो. धीर का, ते पुढे येईलच.

आगीतून गारवा निघतो तरी कसा?

तळहातावर सॅनिटायझर घेतलं की हात गार पडतो. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. जगातले जवळजवळ सगळे फ्रिज याच तत्त्वावर चालतात. प्रश्न उरतो तो त्या वाफेचा पुन्हा द्रव कसा करायचा, एवढाच. घरातल्या नेहमीच्या फ्रिजमध्ये हे काम कॉम्प्रेसर करतो, वाफ दाबून.

आरव्हीतल्या या फ्रिजला कॉम्प्रेसरच नाही. त्याच्या मागच्या बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेले असतात. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सियसलाच उकळतो, म्हणून गारवा त्याच्याकडून मिळतो. पाण्याला अमोनियाची विलक्षण ओढ, त्यामुळे वापरून झालेली वाफ पाणी गट्ट करून टाकतं. आता दोघांना वेगळं करायचं तर पाणी तापवायचं. तापलं की अमोनिया बाहेर पडतो, वरच्या, पत्र्याचे पंख बसवलेल्या नळीत निवून द्रव होतो आणि उतरत उतरत फ्रीझरमागच्या नळीत येतो. तिथे हायड्रोजन वाट पाहत असतो. त्याच्या गर्दीत अमोनियाच्या वाट्याला दाब कमी येतो, म्हणून तो लगेच वाफ होऊ लागतो आणि फ्रीझर गोठतो. मग ही वाफ पुन्हा खाली, पाण्याकडे. याला शोषण पद्धतीचा फ्रिज म्हणतात. १९२२ साली स्टॉकहोमच्या तंत्रशाळेतल्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी, ही हलत्या भागांशिवायची रचना शोधली. पुढे १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सने ती विकत घेतली. आजच्या आरव्हीतला फ्रिज मूळ रचनेपासून फारसा दूर गेलेला नाही.

यातला एक भाग नीट पाहून ठेवा, कारण पुढचं अर्धं निदान त्याच्यावर उभं आहे. तळाशी तापणाऱ्या उभ्या नळीला बॉयलर म्हणू. त्यात एक अगदी अरुंद नळी असते. पाणी तापून बुडबुडे आले की ते या नळीत वर चढतात आणि चढताना आपल्या डोक्यावर पाण्याचे छोटे छोटे घोट उचलून नेतात. हाच या फ्रिजचा पंप. त्याला ना मोटर, ना पाती. पण बुडबुडे येण्याइतकी उष्णता मिळाली नाही तर तो चालतच नाही. पातेल्यातलं पाणी नुसतं गरम असणं आणि खळखळा उकळणं यात जो फरक, तोच इथे गारवा असणं आणि नसणं यात. निम्मी उष्णता दिली म्हणून निम्मा गारवा मिळत नाही. बऱ्याचदा शून्यच मिळतो.

फ्रिजलाच विचारा

बॉयलरला उष्णता कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नसतं. गॅसची ज्योत, मेन लाइनवरचा (म्हणजे प्लगचा) हीटर आणि १२ व्होल्टचा (म्हणजे बॅटरीचा) हीटर हे तिघे एकाच चुलीखालचे तीन विस्तव. निदानाची किल्ली इथेच आहे, आणि माझ्या मते ती बहुतेक लोक वापरतच नाहीत.

गॅसवर फ्रिज छान गार होत असेल आणि विजेवर नाही, तर नळ्या, अमोनिया, पंप सगळं ठणठणीत आहे. दोष विजेच्या बाजूलाच. मेन लाइनवर चालतो पण १२ व्होल्टवर नाही, तर शोध आणखी अरुंद झाला. विजेवर चालतो, गॅसवर नाही, तर बर्नरची जेट आणि धुराडं साफ करायचं, हीटरला हातही लावायचा नाही. आणि तिन्हीवर नाही म्हणजे नाहीच, तर तिन्ही विस्तव एकाच दिवशी विझतील अशी शक्यता फार कमी. मग गाडी सपाट उभी आहे का, मागची हवा खेळते का, कंट्रोल बोर्डाला वीज मिळते का आणि शेवटी खुद्द नळ्यांचं काही बिनसलंय का, असं पाहत जायचं.

आता तो धीर. हा फ्रिज आळशी आहे. विस्तव बदलल्यावर फ्रीझरच्या पत्र्यावर गारवा जाणवायलाच तासभर किंवा त्याहून जास्त जातो, आणि पूर्ण गार व्हायला अख्खी रात्रही लागते. वीस मिनिटांनी दार उघडून ‘चालत नाही’ म्हणणाऱ्याने अजून काहीच तपासलेलं नसतं. प्रत्येक विस्तवाला एकेक रात्र द्या (१२ व्होल्टची गोष्ट वेगळी, ती पुढे येतेच), आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळी आकडा लिहून घ्या.

पण हा बिघाड आहे का?

‘गाडी उभी असताना १२ व्होल्टवर फ्रिज चालत नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि पुष्कळ गाड्यांत ते मुद्दामच तसं केलेलं असतं. १३० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर जवळजवळ ११ अँपिअर ओढतो, तोही न थांबता. इंजिन बंद असताना हे चालू ठेवलं तर बॅटरी काही तासांत झोपेल. म्हणून एक रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवतात, आणि तो इंजिन चालू असेल तेव्हाच हीटरला वीज सोडतो. तेव्हा १२ व्होल्टची तपासणी इंजिन सुरू ठेवूनच करायची, आणि तीही मोकळ्यावर. बंद जागेत धुरावर जीव टांगू नका.

दुसरं, १२ व्होल्टवर हा फ्रिज आधी झालेला गारवा टिकवतो. कोमट फ्रिज गार करायचं काम त्याच्याकडून होईलच असं नाही. काही मॉडेलांत तर १२ व्होल्टचा हीटरच नसतो, १२ व्होल्ट फक्त कंट्रोल बोर्डासाठी लागतात. तिथे नसलेला हीटर शोधण्यात दुपार घालवण्याआधी मागची माहितीपट्टी वाचावी.

तिसरं, थर्मोस्टॅट. फ्रिज पुरेसा गार झाला की तो हीटर बंद करतो. त्याच वेळी मीटर लावलं तर शून्य व्होल्ट येणारच. तपासताना नॉब सगळ्यात गारच्या खुणेवर हवा.

हीटर दिसतो तरी कसा?

जाड पेन्सिलीएवढी धातूची बंद नळी. आत तारेची गुंडाळी, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरलेली आणि एका टोकाने बाहेर आलेल्या, उष्णता सोसणाऱ्या वेष्टणाच्या दोन वायरी. बॉयलरला चिकटवलेल्या खोबणीत ही पेन्सिल सरकवलेली असते. मेन लाइनसाठी एक, १२ व्होल्टसाठी दुसरी. वरून इन्सुलेशनचा कापूस आणि पत्र्याचं खोकं, म्हणून बाहेरून फक्त वायरी दिसतात.

हीटरवर किंवा माहितीपट्टीवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. तेवढ्यावरून त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काढता येतो : व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १२ व्होल्ट, १३० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण १.१ ओहम. २३० व्होल्ट, १३५ वॅटचा सुमारे ३९० ओहम. १२० व्होल्ट, ३०० वॅटचा ४८ ओहम. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. हा आकडा आधी काढून कागदावर लिहा. मीटर काय दाखवायला हवं हे ठाऊक नसताना मीटर लावण्यात अर्थ नाही.

मग वीज पूर्ण तोडा. मेन लाइनचा प्लग उपसा, १२ व्होल्टचा फ्यूज काढा, बॉयलर निवू द्या. हीटरच्या दोन्ही वायरी टर्मिनलवरून सोडवा, नाहीतर मीटर बोर्डाचाच कुठलातरी रेझिस्टन्स मोजत बसेल. आकडा अपेक्षेच्या आसपास आला तर गुंडाळी शाबूत आहे. मीटरने ‘ओएल’ (म्हणजे मापापलीकडे) दाखवलं तर आतली तार तुटलेली आहे, हीटर गेला, विषय संपला. शून्याच्या जवळ आला तर गुंडाळी आतल्या आत शॉर्ट झाली आहे, आणि बहुधा फ्यूजही आधीच उडालेला असेल.

१२ व्होल्टच्या हीटरला मात्र हा शेवटचा निकष जपून लावा. १.१ ओहम म्हणजे तसाही शून्याचा शेजारीच. मीटरच्या स्वतःच्या वायरी ०.२ ते ०.५ ओहम खातात. म्हणून आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो लिहायचा आणि नंतरच्या मापातून वजा करायचा. या एका वजाबाकीअभावी कितीतरी धडधाकट हीटर भंगारात गेले असतील.

‘पण मीटर तर १२.६ व्होल्ट दाखवतंय!’

हीटरचा ओहम बरोबर, टर्मिनलवर व्होल्टही भरपूर, आणि तरी फ्रिज कोमट. इथे लोक हात टेकतात. चूक मोजण्याच्या वेळेत असते. त्यांनी हीटर सोडवून, मोकळ्या वायरींवर व्होल्ट मोजलेले असतात.

बागेतली रबरी नळी पायाखाली दाबलेली आहे असं समजा. नळीच्या टोकाची तोटी बंद असेल तर टोकाशीही पाण्याचा पूर्ण दाब येतो. तोटी उघडली की कळतं, नुसती धार गळतेय. विजेचंही तसंच. वीज वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून हीटर जोडलेला आणि चालू असताना, थेट त्याच्या टर्मिनलांवर मोजायचं.

आकड्यांत पाहू. १.१ ओहमच्या हीटरच्या वाटेत एखाद्या काळवंडलेल्या स्पेड कनेक्टरने, म्हणजे वायरीच्या टोकाच्या चपट्या पत्र्याच्या जोडाने, फक्त ०.१ ओहमची भर घातली. करंट १०.९ वरून १० अँपिअरवर येतो, हीटरच्या वाट्याला ११ व्होल्ट उरतात आणि १३० वॅटचे सुमारे ११० वॅट होतात. उरलेल्यातले १० वॅट त्या कनेक्टरमध्येच उष्णता होऊन जिरतात. नखाएवढ्या पत्र्यात १० वॅट! म्हणजे तो आणखी तापणार, आणखी काळवंडणार, अडथळा आणखी वाढणार. मी पाहिलेल्या एका व्हॅनमध्ये दोनदा हीटर बदलून झाला होता. फ्यूजच्या खोबणीचं प्लास्टिक एका कडेने तपकिरी होऊन मेणासारखं ओघळलं होतं, पण फ्यूज शाबूत होता, म्हणून तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. फ्यूज उडतो तो करंट वाढल्यावर. सैल जोडाने करंट घटतो, त्यामुळे फ्यूजला काहीच कळत नाही.

बारीक वायरही हेच करते. बॅटरीपासून फ्रिज ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं होतं. २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ११ अँपिअरला जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. आणि उष्णता व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटते : १२ चे १० व्होल्ट झाले की उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. बुडबुड्यांचा तो पंप आठवा. एवढ्याने तो चालेनासा होऊ शकतो.

क्लॅम्प मीटर असेल तर काम आणखी सोपं : एकाच वायरीभोवती चिमटा लावा, अँपिअर वाचा. फक्त ते डीसी मोजणारं हवं. साधी क्लॅम्प मीटरं फक्त एसी मोजतात आणि १२ व्होल्टच्या वायरीवर निर्विकारपणे शून्य दाखवतात.

मेन लाइनच्या बाजूलाही मोजायचं असंच, हीटर चालू ठेवून. बोर्डापर्यंत वीज येते पण हीटरकडे जात नाही असं दिसलं, तर दोष बोर्डावरच्या रिलेचा किंवा त्याच्या छोट्या फ्यूजचा. पण उघड्या टर्मिनलवर जिवंत २३० किंवा १२० व्होल्ट मोजण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनचंच. इथे हौस नको.

जोडला की ट्रिप होतो, तो का?

हीटरचा ओहम अगदी बरोबर, पण मेन लाइनला लावताच गळती पकडणारा ब्रेकर पडतो. बहुधा गाडी बरेच महिने बंद उभी असते. ती पांढरी भुकटी हवेतलं बाष्प शोषून घेते, आणि दमट भुकटीतून वीज हीटरच्या बाहेरच्या नळीवर, तिथून अर्थिंगला झिरपते. मल्टिमीटर स्वतः दोन-चार व्होल्टच लावतं, त्यामुळे ही झिरप त्याला दिसेलच असं नाही. वायरमनचा मेगर ५०० व्होल्ट लावून पाहतो, त्याला दिसते.

यावर एक जुना इलाज आहे. मेन लाइनचा हीटर सोडवून ठेवायचा आणि फ्रिज काही तास गॅसवर चालवायचा. शेजारच्या ज्योतीच्या उष्णतेने भुकटी सुकते आणि कधीकधी गळती थांबते. पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर हीटर बदला. ब्रेकर काढून काम चालवणं हा इलाज नव्हे. तो ब्रेकर तुमच्या जिवासाठी आहे.

‘हीटर तर चटका बसेल इतका गरम आहे, तरी गार नाही’

हीटर बदललेला असेल तर तो खोबणीत पुरता सरकलाय का ते आधी पाहा. दोन-तीन सेंटिमीटर बाहेर राहिला की उष्णता बुडबुड्यांच्या नळीपर्यंत पोचत नाही, पत्र्याचं खोकं तेवढं तापतं. मग गाडीचा सपाटपणा आणि मागची हवा पाहा. या फ्रिजमध्ये द्रव स्वतःच्या वजनाने उतरतो. उभी गाडी फार कललेली असेल तर तो मध्येच साचतो. चालत्या गाडीत हेलकावे बसत असल्याने तेवढं बिघडत नाही.

हे सगळं ठीक असून तिन्ही विस्तवांवर गार नसेल, तर मात्र वाईट बातमी : नळ्यांचा संचच गेला असावा. अमोनियाचा नाकात झोंबणारा वास किंवा नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली की शंकाच नको. ती भुकटी म्हणजे गंज रोखण्यासाठी आत घातलेलं सोडियम क्रोमेट. ते विषारी आणि कर्करोगकारक आहे, बोट लावून पाहू नका. फ्रिज तिन्हीकडून बंद करा, दारं-खिडक्या उघडा. मग हीटरची चर्चा तिथेच संपते.

मग जरा जास्त वॅटचाच बसवला तर?

हा मोह मला कळतो, पण नको. जादा उष्णतेने अमोनियाबरोबर पाण्याचीही वाफ वर जाते आणि गारवा उलट घटतो. शिवाय जादा तापलेल्या बॉयलरमध्ये आतलं क्रोमेट खाली बसून अरुंद नळी तुंबते, पोलाद कमकुवत होतं. दाबाखालचा अमोनिया आणि हायड्रोजन शेजारी असताना हा जुगार कशाला? व्होल्टची चूक तर त्याहून वाईट. १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर तो साडेतीनपटीहून जास्त वॅट फेकतो. छापलेले दोन्ही आकडे जुन्याशी जुळवूनच घ्या.

जुना हीटर गंजाने खोबणीत अडकलेला असतो. सरळ ओढू नका, थोडा थोडा पिळत सोडवा. काढण्याआधी किती आत होता त्याची खूण करा आणि कोणता कुठल्या खोबणीत होता त्याचा फोटो काढा. साधी पीव्हीसी वायर तिथे वितळते, म्हणून जोड खोक्यापासून दूर घ्या आणि वायर उष्णता सोसणारीच वापरा. कापूस पुन्हा होता तसा दाबून भरा. तो सांडला तर निम्मी उष्णता बाहेरच्या हवेला जाते.

नवा हीटर जोडण्याआधी त्याचा ओहम मोजा. चालू केल्यावर टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. हे दोन्ही आकडे आणि तारीख जाळीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. मग जाळी लावा आणि फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवून सकाळपर्यंत दार उघडू नका.